सत्तर फुटी जुनी बोट पोराला घेऊ द्यावी का? आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात जुन्या मशिनरीच्या व्हॅल्युएशनवर लिहिताना इंग्लंडच्या कालव्यांवर पूर्वी माल वाहणाऱ्या नॅरोबोटींचा जाता जाता उल्लेख केला होता, ज्यांची आता लोकांनी राहती घरं केलीयेत. तर बाकी सगळं सोडून त्यावरच पत्रं आली, त्यामुळे यावेळी लेथ आणि कॉम्प्रेसर बाजूला. तसंही पुण्यातल्या निम्म्या घरांचं एक माणूस तिकडे असतंच.

प्रश्न: नमस्कार सर. आमचा मुलगा बर्मिंगहॅमला आयटीत आहे. भाडं भरून कंटाळलाय आणि आता म्हणतो बोट घेऊन त्यातच राहणार. १९३६ सालची ७० फुटी मालवाहू बोट आहे, आत किचन, बेडरूम, सगळं केलेलं. ब्रोकर म्हणतो ऐतिहासिक आहे म्हणून भाव जास्त. आम्हाला बोटीतलं ओ की ठो कळत नाही. किंमत बरोबर आहे की नाही कसं ओळखायचं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: काका, आधी लोखंडाचे पैसे ठरवायचे आणि मग इतिहासाचे, हा क्रम पोराला पाठ करायला लावा. ब्रोकर बरोबर उलटा क्रम लावतो, आधी गोष्ट सांगतो मग चकाचक किचन दाखवतो, आणि तळाचा विषय निघेपर्यंत माणूस त्या बोटीच्या प्रेमात पडलेला असतो.

१९३६ म्हणजे बरीच शक्यता ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिंग कंपनीच्या ताफ्यातली. या कंपनीनं १९३० च्या दशकात धडाक्यात बोटी बांधून घेतल्या, वुलविचला हार्लंड अँड वुल्फकडे (हो, टायटॅनिकवालेच, पण ते बेलफास्टचं यार्ड) आणि नॉर्थविचला यारवुडकडे. ताऱ्यांची नावं दिलेल्या त्या स्टार क्लास, गावांची नावं दिलेल्या त्या टाउन क्लास, टाउनच्या कडा जास्त उंच. बोटी झाल्या पण त्यातच राहून त्या चालवणारी कुटुंबंच मिळेनात. मग १९४८ ला कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, लॉऱ्यांनी धंदा खाल्ला, १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरलासुरला धंदाही बसला. त्यानंतर या बोटी स्वस्तात निघाल्या आणि ज्याला जसं सुचलं तसं त्यानं कापलं, जोडलं, वर केबिन चढवलं. म्हणून एकाच क्लासच्या दोन बोटी आज शेजारी उभ्या केल्या तरी भावात प्रचंड फरक असू शकतो.

आता लोखंड. बोट पाण्यातून बाहेर काढूनच सर्वे करायचा, ड्राय डॉकमध्ये नाहीतर स्लिपवर (बोट वर ओढून घ्यायचा उतार), आणि सर्वेअर पोरानं स्वतः शोधायचा, ब्रोकरनं सुचवलेला नको. सर्वेअर हातोडीनं ठोकून बघतो आणि अल्ट्रासॉनिक गेजनं पत्र्याची जाडी मोजतो. तिकडे इन्शुरन्सवाले साधारण ४ मिलिमीटरच्या खाली पत्रा गेला की कटकट करतात, त्यामुळे तो आकडा लक्षात ठेवा. पाण्याच्या रेषेवर रिव्हेटची डोकी झिजलीयेत का, कडा आणि तळ जुळतात तिथे काय परिस्थिती आहे, खड्डे किती खोल गेलेत हे सगळं रिपोर्टमध्ये आकड्यांत आलं पाहिजे. नुसतं "वयाच्या मानाने चांगली" असं लिहून दिलं तर तो रिपोर्ट नाही, ते सर्टिफिकेट ऑफ प्रेम आहे.

जुन्या बऱ्याच बोटींचे तळ एल्म लाकडाच्या फळ्यांचे होते, ते बहुतेक सगळे आता काढून स्टीलचे केलेत, त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते जुन्या सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करून झाकणं. दोन पत्र्यांमध्ये पाणी शिरलं तर आतून काय चाललंय ते दिसत नाही, वजन वाढतं, बोट खाली बसते, आणि इतिहासाची किंमतही जाते कारण रिव्हेट सगळे झाकले जातात. खराब भाग कापून काढून तिथे नवा पत्रा बसवलेला असेल तर ते खरं काम, त्याची बिलं आणि फोटो मागायचे. तळ बदलणं म्हणजे हजारो पौंडांचा खर्च, तो राहिला असेल तर किमतीतून पूर्ण वजा झालाच पाहिजे.

आणि एक गोष्ट जी नवीन माणूस कधीच मोजत नाही ती म्हणजे रुंदी. तिकडच्या अरुंद कालव्यांचे लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वरखाली नेणारे दोन दरवाजांमधले हौद, साधारण ७ फूट रुंदीचे. मालाच्या काळात बोटीच्या पोटात आडव्या तुळया आणि साखळ्या असायच्या, दोन्ही कडा बाहेर फाकू नयेत म्हणून. घर करताना त्या डोक्याला लागतात म्हणून काढून टाकल्या आणि बदली आधार नीट दिला नाही तर कडा हळूहळू फाकतात, मधोमध ७ फुटांच्या वर गेल्या तर बोट लॉकमध्ये चक्क अडकते. टेप घेऊन तीन-चार ठिकाणी रुंदी मोजायची, ब्रोकर हसला तर हसू दे.

हे सगळं झालं की मग इतिहास, आणि तो कागदावर पाहिजे. मालकागणिक नावं बदललेली असतात त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. कालवा कंपन्या टोल ठरवायला बोटींचं गेजिंग करायच्या, म्हणजे किती वजनाला बोट किती खाली बसते ते मोजून ठेवायच्या, त्याचा नंबर असतो. शिवाय १८७७ आणि १८८४ च्या कॅनॉल बोट्स कायद्यांमुळे ज्या बोटीत माणसं राहायची तिची नोंद स्थानिक अधिकाऱ्यांकडे करावी लागायची, त्या नोंदी अजून सापडतात. एल्समिअर पोर्टच्या म्युझियममध्ये कालव्यांचं अर्काइव्ह आहे, हिस्टॉरिक नॅरो बोट क्लबची जाणकार मंडळी आहेत, त्यांना मेल टाकला की पाच मिनिटात कळतं बोट खरी कुठली. नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक व्हेसल्समध्ये नोंद असेल तर उत्तम, तिथे ५० वर्षांपेक्षा जुनी आणि ३३ फुटांपेक्षा लांब अशी अट आहे, पण त्या नोंदीनं पत्रा जाड होत नाही हे ध्यानात असू द्या.

किंमत शेवटी अशी काढायची. त्याच लांबीची साधी, हल्लीची राहती बोट साधारण त्याच अवस्थेत कितीला जाते ते बघायचं, त्यातून सर्वेमध्ये निघालेलं काम वजा, आणि मग मागचा भाग शाबूत असेल तर त्याचं वर काय ते. मागचा भाग म्हणजे मूळ बोटमनचं केबिन, जेमतेम ८ ते १० फुटांचं, त्यात कोळशाची शेगडी, आडवा पलंग, फडताळाचं दार खाली पाडलं की टेबल, एवढ्यात अख्खं कुटुंब राहायचं. ते आणि इंजिनरूम मूळ असेल तर भाव चढतो. मधल्या भागातलं किचन आणि टाइल्स यांना मी तरी फार किंमत देणार नाही, ते दहा-पंधरा वर्षांत बदलावंच लागतं.

अजून एक, पोराला विचारा की त्याला सत्तर फुटातले अठरा-वीस फूट केबिन आणि इंजिनाला द्यायचेत का. राहायला उरतं ते बाकीचं. आणि या बोटी २५ टन माल न्यायला बांधलेल्या, मागून खोल बसतात, गाळ साचलेल्या कालव्यात नव्या बोटींपेक्षा जास्त वेळा रुततात. हौस असेल तर मजा आहे, भाडं वाचवायचं म्हणून घेत असेल तर साधी बोट घे म्हणावं.

प्रश्न: लेक आणि जावई दोन बोटी बघतायत. एक मूळ ७० फुटी होती ती कापून ५७ फुटांची केलीये, वर पूर्ण स्टीलचं केबिन. दुसरी पूर्ण लांबीची, वरून पूर्वीसारखी ताडपत्री ताणलेली आणि त्याखाली घर. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. पुढे विकताना कोणती बरी? (एक आजी, औंध)

उत्तर: आजी, दोघांचं गिऱ्हाईकच वेगळं आहे. ५७ फुटी बोट जवळजवळ सगळीकडे जाते, उत्तरेकडच्या कॅल्डर अँड हेबलसारख्या कालव्यांचे लॉक छोटे आहेत, लीड्स अँड लिव्हरपूलच्या बऱ्याच भागात ६२ फुटांच्या आसपास मर्यादा येते, तिथे ७० फुटी बोट नेताच येत नाही. त्यामुळे राहणाऱ्या आणि फिरणाऱ्या लोकांत कापलेल्या बोटीला मागणी असते. पण जुन्या बोटींच्या शौकीन मंडळींच्या दृष्टीने ती कापली तेव्हाच संपली. त्यातले काही तर इतके वेडे आहेत की कापलेल्या बोटी परत जोडून पूर्ण लांबीच्या करतात, त्यावर होणारा खर्च विक्रीत कधी निघत नाही, पण ते निघावा म्हणून करतही नाहीत.

ताडपत्रीवालीचा मोठा फायदा म्हणजे बाहेरून ती अजून मालाची बोट दिसते आणि आतलं घर उद्या काढून टाकलं तर मूळ बोट शिल्लक राहते. किंमत टिकते ती याच्यामुळे. तोटा म्हणजे थंडी, दमट हवा, आणि ताडपत्री ठराविक वर्षांनी नवी शिवून घ्यावी लागते, ती काही स्वस्त नाही. लेक बारा महिने तिथे राहणार असेल तर आतलं इन्सुलेशन कसलं आहे ते जानेवारीत जाऊन बघायला सांगा, जूनमध्ये सगळ्याच बोटी छान वाटतात.

सारख्या किमतीत मला विचाराल तर पत्रा सारखाच असेल तर मी पूर्ण लांबीची घेईन. मात्र ती उभी करायला ७० फुटांची जागा मिळणार आहे का ते आधी, आणि कालव्यावर बोट ठेवायच्या लायसन्सची फी लांबीवर असते तेही.

प्रश्न: ब्रोकरने चार वर्षांचं बोट सेफ्टी सर्टिफिकेट दाखवलं. मग परत सर्वेला पैसे का घालायचे? (पिंपळे सौदागर)

उत्तर: कारण ते सर्टिफिकेट गॅस, वायरिंग, इंधन, आग असल्या गोष्टींचं आहे, पत्र्याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. पीयूसी बघून कोणी गाडीची चासी चांगली आहे म्हणतं का? तसंच हे. लायसन्स मिळायला ते लागतं, बोट चांगली आहे हे ठरवायला नाही.

प्रश्न: जुन्या इंजिनाचं काय? जाहिरातीत कुठे बोलिंडर, कुठे रसेल न्यूबेरी, कुठे लिस्टर, गार्डनर लिहिलेलं असतं. (एक निवृत्त फोरमन, चिंचवड)

उत्तर: चला, आपल्या लाइनचा माणूस भेटला. बोलिंडर हे स्वीडिश सेमी-डिझेल, फेलोज मॉर्टन अँड क्लेटन या मालवाहतूक कंपनीनं १९१२ पासून बोटींत घातलं. ब्लोलँपनं हॉटबल्ब (इंजिनाच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा) तापवल्याशिवाय सुरू होत नाही, आणि रिव्हर्स गिअरऐवजी इंजिनच मंद करून उलटं फिरवायचं, जमलं तर टाळ्या आणि नाही जमलं तर समोरच्या बोटीला धडक. ऐकायला जगात याच्यासारखं इंजिन नाही पण रोज वापरायला, विशेषतः एकट्या माणसाला, मी सुचवणार नाही. रसेल न्यूबेरी आणि नॅशनल ही ग्रँड युनियनच्या बोटींची मूळ इंजिनं, त्यामुळे तशा बोटीत तेच असेल तर भावात फरक पडतो. लिस्टर जेपी आणि गार्डनर ही बरीच नंतर बसवलेली असतात, दणकट आहेत. इंजिन थंड असताना जाऊन सुरू करून घ्यायचं, आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न: आपल्या मुठा कालव्यात अशी एखादी बोट का नाही चालत? पर्यटन होईल. (सदाशिव पेठ)

उत्तर: खडकवासल्याचा कालवा शेतीला आणि शहराला पाणी द्यायला काढलेला, माल वाहायला नाही. त्यात बोटींसाठी लॉक नाहीत, पूल खाली आहेत, आणि पाणी आवर्तनाप्रमाणे कमीजास्त होतं. तिकडचे कालवे मुळात बोटींसाठी खणले आणि पाण्याची पातळी त्याच हिशोबानं राखतात. शिवाय २०१८ मध्ये दांडेकर पुलापाशी कालवा फुटून वस्तीत पाणी शिरलं होतं, त्या भिंतीला आता सत्तर फुटी बोट घासायची कल्पना पाटबंधारे खात्याला सांगून बघा.

प्रश्न: मुलीला बोटीसाठी इथून पैसे पाठवायचे आहेत. आणि मालकीचा पुरावा काय असतो, आपल्याकडे सातबारा असतो तसं काही? (बाणेर)

उत्तर: पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसमधून (परदेशी पैसे पाठवायची योजना) जातात, एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत. बोटीसाठी किंवा भेट म्हणून पाठवलेल्या रकमेवर सध्या १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापला जातो, तो रिटर्नमध्ये वळता होतो पण तोवर पैसा अडकतो, म्हणून सीएला आधी विचारून नवरा-बायकोच्या नावावर वेगवेगळे पाठवा.

सातबारासारखं तिकडे कालव्याच्या बोटीला सक्तीचं काही नाही. कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचं (कालवे सांभाळणारी संस्था) लायसन्स म्हणजे मालकी नाही, नीट वाचा. मालकी म्हणजे आधीच्या मालकांपासूनच्या बिल ऑफ सेलची (विक्रीच्या कागदांची) साखळी आणि विकणाऱ्याकडून बोटीवर कर्ज नाही याची लेखी हमी. डिपॉझिट देताना "सर्वे समाधानकारक आला तरच" ही अट लिहून घ्यायची आणि न आल्यास डिपॉझिट परत किती दिवसांत ते पण. आणि बोट लावायला कायमची जागा नसेल तर तिकडच्या १९९५ च्या कालव्यांच्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, सतत पुढे सरकत राहावं लागतं. मुलीची नोकरी रोज ऑफिसला जायची असेल, बँकेला आणि डॉक्टरला पक्का पत्ता द्यायचा असेल, तर राहण्याची परवानगी असलेलं मूरिंग (बोट लावायची कायमची जागा) आधी मिळवा आणि मग बोटीचं डिपॉझिट भरा. तशी मूरिंग कमी आहेत, वेटिंग असतं.