रणगाडा बदलण्याआधी त्याचा गोळा बघ

सोलापूर

चि. लेखकास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पर्यायी इतिहासाच्या कथेचा आराखडा दोनदा वाचला. १५ जून १९४१ ला उत्तर आफ्रिकेत ‘बॅटलअ‍ॅक्स’ मोहीम सुरू होते, ब्रिटिशांच्या क्रुसेडर रणगाड्यांवर दोन पौंडीऐवजी सहा पौंडी (गोळ्याच्या वजनावरून नाव) तोफ आहे, जर्मन सेनापती रोमेलची फळी फुटते आणि वर्षअखेर लिबियातलं त्रिपोली पडतं. लढाईचं वर्णन झकास उतरलंय. पण ती तोफ तिथं पोचली कशी, हे तू कुठंच सांगितलेलं नाहीस. पर्यायी इतिहासात घाम गाळायचा तो इथं.

सहा पौंडीचं काम १९३८ मध्येच सुरू झालं होतं. ती कारखान्यातून बाहेर पडायला १९४१ ची अखेर का उजाडली? कारण १९४० च्या जूनमध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश फौज आपल्या बहुतेक रणगाडाविरोधी तोफा टाकून आली. मायदेशावर स्वारी होणार या धास्तीत हिशेब मांडला गेला: यंत्रं नव्या तोफेसाठी बदलली तर ज्या काळात सहाशे दोन पौंडी निघाल्या असत्या, त्यात शंभरच सहा पौंडी निघतील. त्यांनी सहाशे घेतल्या. तू त्या खुर्चीत असतास तर वेगळं केलं असतंस का?

हे पटत नसेल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जा आणि चादरीचा माग टॉवेलवर घ्यायला काय लागतं ते विचार. टॉवेलवरच्या लूपसाठी ताण्याचा दुसरा बीम लागतो, फणी बदलावी लागते, नव्या ताण्याचा एकेक धागा हातानं ओवावा लागतो. तितके दिवस माग गप्प आणि जागेचं भाडं चालू. तोफेच्या कारखान्यातही हेच, फक्त तिथं भाड्याच्या जागी समोर शत्रू उभा असतो. म्हणून बदलाची तारीख मागं ने, १९३९ च्या सुरुवातीला. आणि त्यापायी काय बंद पडलं तेही लिही. फुकटात मिळालेला रणगाडा वाचक दुसऱ्या पानावर ओळखतो.

आता तोफ बसवायची कुठं? ब्रिटिश रणगाडा रेल्वेच्या वाघिणीवरून जायचा, आणि तिथल्या मार्गांवर मालाची रुंदी पावणेतीन मीटरच्या आसपास अडकते. सोलापूर स्टेशनातून जाणाऱ्या मालगाड्या बघून अंदाज बांधू नकोस, आपलं १६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज ऐसपैस आहे. एकूण रुंदीतून दोन्ही बाजूंचे पट्टे वजा केले की टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, कड्याला जेमतेम जागा उरते. म्हणूनच प्रत्यक्षात सहा पौंडीवाला क्रुसेडर आला तेव्हा टरेटमधली माणसं तीनाची दोन झाली. कमांडरनंच गोळाही भरायचा. म्हणजे ज्यानं दुर्बिणीतून शत्रू शोधायचा, तो ऐन वेळी खाली वाकून गोळा उचलतोय. तुझ्या कथेतला कमांडर मात्र निवांत सूर्यास्त बघतो.

मुख्य दुरुस्ती पुढं आहे, ती सावकाश वाच.

तू गृहीत धरलंस की ब्रिटिशांना जर्मन चिलखत भेदता येत नव्हतं. काही अंशी खरं आहे. पन्झर तीन आणि चार या जर्मन रणगाड्यांच्या पुढच्या भागावर ३० मिलिमीटरच्या कठीण केलेल्या जादा प्लेटा बसल्यावर दोन पौंडीचा साधा गोळा आपटून फुटायचा. पण ब्रिटिश रणगाडे मोठ्या संख्येनं जळले ते जर्मन रणगाड्यांपुढं कमी आणि जमिनीत दडवलेल्या तोफांपुढं जास्त. इजिप्त-लिबिया सीमेजवळच्या हलफाया खिंडीत जर्मनांनी ८८ मिलिमीटरच्या तोफा खड्ड्यात बसवल्या होत्या. ब्रिटिशांच्या मटिल्डा रणगाड्याचं ७८ मिलिमीटरचं चिलखत तिथं कामी आलं नाही. अशा तोफेवर चिलखतभेदी गोळा म्हणजे लोखंडाचा ठोकळा. तोफेच्या पोलादाला नेमका लागला तर ठीक, हातभर बाजूला पडला तर वाळूत रुतून बसणार, आणि गोलंदाज पुढचा गोळा भरणार. तिथं फुटणारा, किरच्या उडवणारा गोळा पाहिजे. दोन पौंडीवाल्या रणगाड्यांना तो दिलाच जात नव्हता. सुरुवातीच्या सहा पौंडीचीही तीच रड. मशिनगन होती, पण ८८ ज्या अंतरावरून मारते तिथवर तिचा धाक नाही.

म्हणजे तू इतका खर्च करून जी तोफ आणलीस, ती हलफायाच्या खड्ड्यापुढं जुनीइतकीच मुकी!

यावर एक स्वस्त तोड सुचवतो. ब्रिटिश स्क्वाड्रनच्या (रणगाड्यांच्या तुकडीच्या) मुख्यालयात साहाय्यक रणगाडे असत, तीन इंची हॉवित्झरवाले, म्हणजे आखूड नळीच्या तोफेचे. त्यांच्या पोटात भरलेले गोळे बहुतांशी धुराचे. तुझ्या इतिहासात एवढंच बदल: १९४० च्या हिवाळ्यात कुणीतरी हट्टानं गोळ्यांचा तक्ता फिरवतो, निम्मे धुराचे आणि निम्मे स्फोटक, आणि स्क्वाड्रनमधल्या प्रत्येक ट्रूपला, म्हणजे छोट्या गटाला, असा एक रणगाडा मिळतो. रेल्वेची रुंदी आडवी येत नाही, टरेटमधला माणूस कमी होत नाही. असा बारका बदल कागदावर दिसायला गरीब, पण लढाईत कुठं कुठं पोचतो ते लिहायला मजा येईल.

बॅटलअ‍ॅक्सचा हट्टही सोड. त्यासाठीचे रणगाडे ‘टायगर’ नावाच्या जहाजी काफिल्यातून १२ मे १९४१ ला अलेक्झांड्रियाला उतरले. निघाले २९५, पोचले २३८, बाकीचे ५७ एका जहाजाबरोबर बुडाले. मग त्यांना वाळवंटी फिल्टर बसवा, रंग द्या, माणसांना नवा क्रुसेडर शिकवा, हातात महिनाभर. त्यात क्रुसेडरचा पाण्याचा पंप. बारीक वाळू दांड्याशी शिरते, सील झिजतं, आधी थेंब आणि मग धार. इंजिन तापलं की चालक प्यायचं पाणी रेडिएटरला घालतो. एअर फिल्टर मागच्या बाजूला मडगार्डवर, नेमके पट्ट्यानं उडवलेल्या धुळीत. धूळ इंजिनाचं काय करते हे कळायला एप्रिलमध्ये एखाद्या ट्रॅक्टर मेकॅनिककडे तासभर बस. ऑइल बाथ क्लीनरच्या (तेलाच्या एअर फिल्टरच्या) वाटीतला काळा गाळ बोटावर घे, चिमटीत चोळ. ते वाक्य कथेत आपोआप येईल. तुझी मोहीम १८ नोव्हेंबर १९४१ ला, ब्रिटिशांची ‘क्रुसेडर’ मोहीम (रणगाड्याचंच नाव) प्रत्यक्षात सुरू झाली त्या दिवशी सुरू कर. पाच महिने जास्त मिळतात.

त्रिपोली मात्र काढून टाक. सोलापूर-मुंबई रस्त्यानं ४०० किलोमीटर. बेनगाझी ते त्रिपोली त्याच्या अडीचपट, एकच किनारी रस्ता. ब्रिटिश पेट्रोल चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून जाई. खडबडीत रस्त्यावर शिवणी उकलायच्या आणि पाव हिस्सा तेल वाटेतच सांडायचं, कधी त्याहून जास्त. जर्मनांचा २० लिटरचा जेरीकॅन हाती लागला की ब्रिटिश सैनिक तो सोडत नसत. त्या डब्यावर तुझ्याकडे एक ओळ नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

शेवटी लिबियातली गझालाची लढाई. तुझा प्रयोग तिथं खऱ्या इतिहासानंच करून ठेवलाय. २६ मे १९४२ ला रोमेल निघाला तेव्हा ब्रिटिशांकडे १६७ ग्रँट रणगाडे होते, ७५ मिलिमीटर तोफेचे, चिलखतभेदी आणि स्फोटक दोन्ही गोळ्यांचे. जर्मनांना धक्का बसला हे खरं. तरी ब्रिटिश लढाई हरले, कारण ब्रिगेडी एकेकट्या लढल्या. २७ ला सकाळी तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड चिरडली गेली, पाठोपाठ चौथी आर्मर्ड ब्रिगेड बेसावध सापडली. २० जूनला लिबियातल्या तोब्रुक बंदराच्या आग्नेय कडेवर हल्ला आला तो ११ व्या भारतीय ब्रिगेडवर, आपल्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीच्या मोर्च्यावर. मदतीचे रणगाडे तुकड्यातुकड्यांनी आले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं, ३० हजारांहून अधिक माणसं कैदेत गेली. त्या मोर्च्यावरचा एखादा मराठा हवालदार तुझ्या कथेत का नाही? चांगला रणगाडा वेळेवर न आल्याचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार?

रोमेललाही त्याची चाल खेळू दे. तुझे स्फोटक गोळे त्याच्या तोफांना नडले की तो त्या मागं नेईल, रात्री जागा बदलेल, लांब नळीची पन्झर तीन लवकर मागेल. ते आलं नाही तर खेळ एकतर्फी होतो.

सुट्टीत अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन ये. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल तिथं आहेत. समोर उभं राहून दोन पट्ट्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर डोळ्यांनी माप, आणि त्यात टोप घातलेली तीन माणसं बसवून बघ. दुपारच्या उन्हात पत्र्याला हात लावू नकोस.

पुढच्या खर्ड्याच्या पहिल्या पानावर तारीखवार तक्ता लाव: एका बाजूला तुझा बदल, दुसऱ्या बाजूला त्यापायी काय थांबलं ते. आणि तो सूर्यास्त बघणारा कमांडर ठेवायचाच असेल, तर त्याच्या हातात गोळा दे.

तुझा,
काका