लातूर पॅटर्नमधून इतकी मुलं डॉक्टर होतात, मग मराठवाड्यातल्या खेड्यांत डॉक्टर का टिकत नाहीत?

कारण डॉक्टर इथला असला म्हणजे इथं राहतोच असं नाही. मेडिकलच्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, असा ७०:३० चा कोटा होता, आणि मराठवाड्यात कॉलेजं कमी. तो २०२० मध्ये रद्द झाला तेव्हा आपल्या लेकरांवरचा अन्याय संपला म्हणून मलाही आनंद झाला. पण जागा लेकरांना मिळाल्या, गावाला नाही.

जुलै २०१८. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं आमचं गाव. आण्णा, म्हणजे माझे वडील, कोठ्यात खालीच झोपले होते. पहाटे पोट दुखतंय म्हणाले. जखम नाही, सूज नाही, आम्ही ओवा दिला. थोड्या वेळानं पापण्या उघडेनात, जीभ जड झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक बॉण्डवाला पोरगा होता, म्हणजे एमबीबीएस झाल्यावर सक्तीचं एक वर्ष सरकारी सेवा करणारा डॉक्टर, नाशिककडचा, जेमतेम पंचविशीतला. त्यानं पापण्या बघितल्या आणि म्हणाला, मण्यार. लगेच सर्पदंशाच्या दहा बाटल्या चालू केल्या. १०८ आली तेव्हा श्वास मंदावला होता. सोबत कुणी डॉक्टर यायचा नियम आहे का, मला माहीत नाही, तो बसला. अंबाजोगाईपर्यंत तीसेक किलोमीटर अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत राहिला. एकदा सिस्टर म्हणाल्या, मी धरते सर. त्यानं दिली नाही. तिथल्या स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) सरकारी रुग्णालयात आण्णा चार दिवस व्हेंटिलेटरवर होते. आज ते ज्वारी राखतात.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावानं दहा लाख दंड भरून स्वतःच्या मुलाचा बॉण्ड सोडवला. "खेड्यात वर्ष वाया जातं, तेवढ्यात पीजीचा अभ्यास होतो." पोरगा आमचा, लातुरात शिकलेला, आता पुण्यात. आण्णा त्याचे सख्खे आजोबा. मी दादाला विचारलं, नाशिकच्या त्या पोराच्या बापानंही पैसे भरले असते तर? तेव्हापासून दिवाळीला आमचं बोलणं जेवणापुरतं.

सगळा दोष डॉक्टरांचा नाही, हेही सांगतो. तीस हजार लोकसंख्येमागं एक केंद्र, त्यात दोनपैकी एक पद रिकामं, क्वार्टरला गळती, रात्रंदिवस ड्युटी, वर नातेवाइकांची दमदाटी. बायकोला नोकरी नाही, पोरांना शाळा नाही. भूलतज्ज्ञ नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही सिझर होत नाही. हे सरकारनं करायचं आहे, आणि ते करत नाही.

तुमची मुलगी नीटची तयारी करतेय असं तुम्ही प्रश्नासोबत लिहिलंय. तिचा नंबर लागला तर बॉण्डचं वर्ष टाळायची वाट आत्तापासून शोधू नका. केज, धारूर, वडवणी, कुठंही मिळो, जाऊ द्या. आणि पहिल्या महिन्यात तिची क्वार्टर स्वतः जाऊन बघा, दाराला कडी आहे का ते.