गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या झिरकॉनवरून (खडकांतल्या टिकाऊ खनिजाच्या बारीक कणांवरून) नाशिकच्या गाळाचा माग लागतो का?

नाशिकचा जवळजवळ लागत नाही. खालच्या खोऱ्याचा मात्र छान लागतो. त्र्यंबक-नाशिकचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, त्यात झिरकॉन नावालाच. राजमहेंद्रीखालच्या वाळूत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे, कडा झिजलेले कण मुख्यतः प्राणहिता, इंद्रावती, शबरी या उपनद्यांकडचे. त्यांतले बहुतेक 100 कोटी वर्षांहून जुने. प्रत्येक थरातले किमान 117 कणांचं वय युरेनियम-शिसे पद्धतीने (कणातल्या युरेनियमचं किती शिसं झालं त्यावरून) काढा, नाहीतर 5 टक्के वाटा असलेला स्रोतही निसटू शकतो. फक्त हे वय स्फटिक बनल्याचं, गाळ साचल्याचं नव्हे; त्यासाठी त्याच थरातल्या शिंपल्यांचं किंवा लाकडाचं रेडिओकार्बन वय काढता येतं. नाशिकचा वाटा हवा असेल तर चिकणमाती घ्या: काळ्या मातीतलं स्मेक्टाइट (बेसाल्ट झिजून बनणारं चिकणमातीचं खनिज) आणि निओडिमियम या धातूची समस्थानिकं बेसाल्टची ओळख देतात.