वाचकांचे प्रश्न : वाहतूक परिणाम अहवाल वाचताना

प्रश्न : आमच्या वसाहतीलगत ६०० सदनिकांचा गृहप्रकल्प प्रस्तावित असून त्याच्या वाहतूक परिणाम अहवालात जवळच्या चौकावर ‘नगण्य परिणाम’ होईल असे म्हटले आहे. अहवालाला पुष्कळ संगणकीय तक्ते जोडलेले आहेत. हरकत नोंदवण्यापूर्वी आम्ही नेमके काय तपासावे?

उत्तर : तक्ते सर्वांत शेवटी पाहावेत. चौकाचे गणित करणारी संगणक प्रणाली सहसा चुकत नाही. तिला पुरवलेले आकडे मात्र कोणीतरी निवडलेले असतात आणि निष्कर्ष बहुधा त्या निवडीतच ठरून गेलेला असतो. पहिली निवड म्हणजे गर्दीच्या तासात दर सदनिकेमागे किती वाहनफेऱ्या होतील, हा दर. ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘ट्रिक्स’ हा सर्वेक्षणांचा संग्रह वापरतात आणि अमेरिकेतही वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेची अशीच नियमपुस्तिका आहे. त्यांतील आकडे प्रत्यक्ष मोजणीचे असले, तरी एकाच प्रकारच्या दोन प्रकल्पांत ते बरेच कमीजास्त असतात. म्हणून दर कोणत्या ग्रंथातून घेतला यापेक्षा, तो ज्या ठिकाणांवरून काढला ती ठिकाणे या प्रकल्पासारखी आहेत का, हे विचारावे. रेल्वे स्थानकालगतच्या इमारतींचा दर बसही न पोहोचणाऱ्या जागेला लावला, तर पुढचे सारे गणित अचूक असूनही निरुपयोगी ठरते.

समजा, दर ०.३५ धरला तर ६०० सदनिकांच्या २१० फेऱ्या होतात आणि ०.५ धरला तर ३००. वाढलेल्या ९० फेऱ्यांपैकी ६० चौकाच्या एकाच बाजूने जाणार असतील आणि त्या बाजूची क्षमता तासाला १,००० गाड्यांची असेल, तर कमी दराने ९०० असलेला भार जास्त दराने ९६० होतो. ९० आणि ९६ टक्के यांत कागदावर फारसे अंतर दिसत नाही. रांग मात्र भाराच्या प्रमाणात वाढत नाही. रांगांच्या गणितातील सर्वांत साध्या सूत्रानुसार खोळंबलेल्या गाड्यांची सरासरी काढताना भाराला उरलेल्या क्षमतेने भागतात. म्हणजे पहिल्या स्थितीत ती ९ येते आणि दुसऱ्या स्थितीत २४. सिग्नलवरचे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतील, पण क्षमतेच्या जवळ जाताना ते असेच उसळतात.

दुसरी निवड मोजणीची. शाळांच्या सुट्टीतील मोजणी ग्राह्य धरू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून फसवी गोष्ट अशी की, थांबारेषेवर उभे राहून केलेल्या मोजणीत चौक ओलांडून गेलेल्या गाड्याच येतात. चौक आधीच तुंबलेला असेल, तर ती मोजणी चौकाची क्षमता सांगते, मागणी नव्हे. रांगेची लांबी नोंदवली नसेल, तर ती अवश्य मागावी. मंजूर झालेले पण अजून न बांधलेले शेजारचे प्रकल्प हिशेबात धरले आहेत का, हेही पाहावे, कारण तीन प्रकल्पांचे तीन ‘नगण्य’ परिणाम एकाच चौकात एकत्र येतात.

यानंतर तक्त्यांकडे वळावे. अमेरिकन महामार्ग क्षमता नियमपुस्तिकेच्या पद्धतीत सेवा पातळी, म्हणजे वाहतूक किती सुरळीत चालते ते, ए (सर्वांत चांगली) ते एफ (सर्वांत वाईट) अशा अक्षरांनी दाखवतात. सिग्नलच्या चौकात दर गाडीमागे सरासरी ३५ ते ५५ सेकंदांचा विलंब म्हणजे डी, तर ८० सेकंदांहून अधिक म्हणजे एफ. विलंब ३६ वरून ५४ सेकंदांवर गेला तरी अक्षर डीच राहते. म्हणून अक्षरावर समाधान न मानता सेकंद विचारावेत.

प्रश्न : व्यापारी संकुलाच्या अहवालात एकूण फेऱ्यांतून ‘वाटेवरच्या फेऱ्या’ वजा केल्या आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर : तत्त्वतः योग्य आहे. रोज त्याच रस्त्याने जाणारा माणूस वाटेत खरेदीसाठी थांबला, तर रस्त्यावर नवी गाडी येत नाही. परंतु ती गाडी संकुलाच्या प्रवेशद्वाराशी वळते, वेग कमी करते आणि बाहेर पडताना पुन्हा प्रवाहात शिरते. त्यामुळे ही वजावट दूरच्या चौकांपुरतीच करता येते. प्रवेशद्वाराच्या गणितात या फेऱ्या पूर्ण धराव्या लागतात. दोन्हीकडे त्या वजा केल्या असतील, तर ती चूक आहे.

प्रश्न : विकासकाने चौक रुंद करून द्यावा, अशी अट घातली तर पुरेसे होईल का?

उत्तर : एखादी वळणमार्गिका वाढवल्याने स्थानिक अडथळा सुटू शकतो आणि तेवढ्यापुरती ती मागणी रास्तच आहे. मात्र वाढीव क्षमता कालांतराने नव्या गाड्यांनी भरते, शिवाय चौक जितका रुंद तितका पादचाऱ्याला तो ओलांडायला अधिक वेळ लागतो, आणि हा वेळ सिग्नलच्या चक्रातूनच जातो. कॅलिफोर्नियात २०१३च्या कायद्यानुसार १ जुलै २०२० पासून पर्यावरणीय छाननीत गाड्यांच्या विलंबाऐवजी प्रकल्पामुळे वाढणारे वाहनांचे एकूण प्रवास-अंतर हा निकष राज्यभर लागू झाला. माझ्या मते रुंदीकरणाआधी पार्किंगची संख्या, बसथांब्यापर्यंतचा पदपथ आणि प्रवेशद्वाराची जागा यांवर अटी मागाव्यात. आराखडा मंजूर झाल्यावर प्रवेशद्वार हलवणे जवळजवळ अशक्य असते.