पूर्वी की पश्चिमी

वाळपई

बाय, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, आजोबांच्या डिस्चार्ज बुकाच्या, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या नोकरीच्या पुस्तकाच्या, पानांचे फोटोही मिळाले. फोटो तिरके आलेत, एका पानावर तुझ्याच बोटाची सावली आहे. पण जी ओळ हवी ती वाचता येते. मेडलांच्या रकान्यात 'पश्चिमी स्टार' लिहिलंय. तुझे आजोबा डिसेंबर १९७१ च्या लढाईत जमालपूरला होते, आजच्या बांगलादेशात. तिथून पश्चिमेची आघाडी दीड हजार किलोमीटरच्या वर. पूर्वेकडे लढलेल्याला पूर्वी स्टार, पश्चिमेकडे लढलेल्याला पश्चिमी. चूक कारकुनाची आहे, आणि मी अठ्ठावीस वर्षं फौजेत कारकुनीच केली, त्यामुळे हात ओळखीचा वाटतो.

तू दोन गोष्टी मागितल्यास. एक हा स्टार. दुसरी 'ऑपरेशन विजय'चं मेडल, कारण गावात सगळे आजोबांना 'आमच्या गांवचो मुक्तिसैनिक' म्हणतात आणि १९ डिसेंबरला शाळेत त्यांना शाल देतात. दुसरी आधी घेतो, कारण ती सोडून द्यायची आहे.

गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. आजोबा भरती झाले १९६३ मध्ये, तुझ्याच फोटोत पहिल्या पानावर तारीख आहे. विषय तिथेच संपतो. पण घोटाळा का होतो तेही समजून घे, कारण तो गावाचा एकट्याचा नाही. 'ऑपरेशन विजय' हे नाव फौजेनं दोनदा वापरलं, १९६१ मध्ये गोव्यासाठी आणि १९९९ मध्ये कारगिलसाठी. त्या नावाचं मेडल निघालं ते कारगिलचं. गोव्याच्या कारवाईत जे होते त्यांना मिळालं जनरल सर्व्हिस मेडल १९४७, आणि त्याच्या रिबनवर 'गोवा १९६१' अशी धातूची पट्टी. म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसासाठी तू ज्या नावानं मेडल मागणार होतीस ते मेडल कारगिलच्या पोरांचं. रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोकरीचे कागद असतात तिथे, असा अर्ज उघडला की वाचणारा हसतो, आणि मग खालची खरी मागणीही हसतच वाचतो. शाल मिळते ती मिळू दे. गावानं माणसाला मान दिला तर त्यात काय वाईट. फक्त ती शाल कागदावर चढवायची नाही.

आता स्टारकडे येऊ.

घरातली मेडलं बाहेर काढ आणि कडा पाहा. पितांबरी लावू नकोस, ब्रासोही नको, पुसायचंच नाही. सरकारकडून आलेल्या मेडलाच्या कडेवर किंवा पाठीवर नंबर, रँक, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते. पॉलिश केलं की आधी तीच अक्षरं झिजतात. जे मेडल कोरं, गुळगुळीत, ते बहुधा बाजारातून घेतलेलं. कँटोनमेंटच्या बाहेर अशी दुकानं असतात. परेडला छाती रिकामी दिसू नये म्हणून माणसं घेतात, त्यात लबाडी नसते. पण पुरावा म्हणून ते चालत नाही. तुझ्या फोटोतला तो चकचकीत तारा मला तसलाच वाटतो. त्याच्याविषयी अर्जात एक शब्दही नको.

आता ही चूक झाली कुठे, ते शोधायला हवं. जवानाच्या नोकरीत जे काही घडतं, बदली, रजा, हॉस्पिटल, लग्न, मूल, बढती, शिक्षा, ते सगळं पलटणीचं ऑफिस पार्ट टू ऑर्डरमध्ये काढतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ते बेळगावला, आणि तिथे माणसाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रावर, नोंद चढते. डिस्चार्ज बुक भरतात अगदी शेवटी, शीट रोलवरून. म्हणजे चुकीला दोन दारं. शीट रोलवर 'पूर्वी' असेल आणि उतरवताना 'पश्चिमी' झालं असेल तर काम सोपं आहे. शीट रोलच चुकला असेल तर मागे जाऊन तेव्हाची ऑर्डर शोधावी लागते, आणि दुरुस्तीची नवी ऑर्डर निघावी लागते. खाडाखोड कोणी करत नाही. जुनी ओळ तशीच राहते आणि तिला दुरुस्त करणारी दुसरी ओळ येते. यातलं कुठलं दार आहे ते घरी बसून कळणार नाही, म्हणून पहिल्या पत्रात फार मोठी बाजू मांडू नकोस.

तू पाठवलेला मसुदा चार पानांचा आहे. त्यात जमालपूरची लढाई आहे, ब्रार साहेबांची पलटण आहे, शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं कागदात गोळी गुंडाळून दिलेलं उत्तर आहे. गोष्ट खरी आहे आणि आजोबांच्या तोंडून ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण ती सगळ्या जगाला माहीत आहे, त्यामुळे अर्जात तिची किंमत शून्य. पलटण जमालपूरला होती हे कोण नाकारतंय? कारकुनाला विचारायचं आहे ते एवढंच, की हा नंबर त्या दिवसांत पलटणीबरोबर होता का. माणूस रजेवर असतो, सेंटरला कोर्सला असतो, कावीळ होऊन हॉस्पिटलात असतो. पलटणीचा इतिहास म्हणजे प्रत्येक माणसाची हजेरी नव्हे. तेव्हा आजोबांना लढाई विचारू नकोस. हे विचार: १९७१ च्या दिवाळीत कुठे होतात? शेवटची रजा कधी संपवलीत? घरी मनीऑर्डर कुठून केलीत? जखम, ताप, काही झालं होतं का, कुठल्या हॉस्पिटलात? असली रुक्ष उत्तरं दोन-तीन मिळाली तरी खूप.

आणखी एक. तू मागितलेलं नाहीस, पण माझी नजर तिथे गेली. १५ ऑगस्ट १९७२ या दिवशी जो कोणी फौजेच्या नोकरीत होता त्या प्रत्येकाला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनाचं मेडल मिळालं. त्याला लढाई लागत नाही, त्या तारखेला नोकरीत असणं पुरतं. आजोबा १९६३ ते १९७९ सलग होते आणि त्यांच्या रकान्यात ते नाही. १९६५ चं रक्षा मेडल आहे, ते बरोबर आहे. ही पंचविसाव्या वर्षाची ओळ अर्जात घाल. हिच्यावर वाद होऊच शकत नाही, आणि एक ओळ राहिलीय हे मान्य झालं की दुसरीकडेही लक्षपूर्वक पाहतात.

अर्ज एका पानाचा कर. वर नंबर, रँक, नाव, पलटण, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख. मग काय लिहिलंय, काय असायला हवं, कशावरून. 'पश्चिमी स्टारची नोंद माझी नाही, ती काढावी' हे वाक्य आधी आणि 'पूर्वी स्टारची नोंद घ्यावी' हे नंतर. जो माणूस आपलं नसलेलं आधी परत करतो त्याच्या पत्राला वेगळं वजन येतं, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलंय. 'देशासाठी रक्त सांडलं' वगैरे काढून टाक. तिथला क्लार्क विशी-पंचविशीतला असतो. ही चूक झाली तेव्हा त्याचा बाप शाळेत असेल. त्याला रागावून काय मिळणार?

नावाचं प्रकरण यात मिसळू नकोस. आजोबांचा जन्म पोर्तुगीज काळातला, जन्मदाखल्यावर परबांचं पोरोबो झालेलं मी खूप पाहिलंय, आणि फौजेच्या कागदावर स्पेलिंग तिसरंच. ते जुळवायचं असेल तर तो वेगळा अर्ज. दोन दुखणी एका कागदावर घातली की कागद दोन टेबलांमध्ये फिरत राहतो.

सही आजोबांची. लिहिणारी तू असलीस तरी अर्जदार ते. हात थरथरत असेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा घे आणि साक्षीदार ठेव. पणजीच्या सैनिक कल्याण खात्यातून शिक्का मारून पाठवलंस तर उत्तम, नुसत्या स्पीड पोस्टनंही जातं. पावती डिस्चार्ज बुकाजवळ ठेव. मूळ बुक कुणालाच पाठवायचं नाही, फक्त प्रती. आणि मेहरबानी करून ते लॅमिनेट करू नकोस. आपल्या सत्तरी तालुक्याच्या पावसात कागदाला बुरशी धरते हे मला माहीत आहे, पण प्लास्टिकमध्ये कोंडलेला ओलावा बाहेर पडत नाही. सुती फडक्यात गुंडाळ, उन्हाळ्यात एकदा सावलीत पसरून ठेव.

कदंबची बस पकडून चोर्ला घाटानं थेट बेळगावला जायचं तुझ्या मनात आहे. एवढ्यात नको. पत्राआधी माणूस गेला तर 'अर्ज करा' एवढंच ऐकून परततो. तीन-चार महिने काहीच आलं नाही तर स्मरणपत्र पाठव. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, आजोबांच्या सहीनं, आणि मागायचं एकच: माझ्या शीट रोलची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लष्करी न्यायाधिकरण मुंबईला आहे, गोवा त्याच्याच हद्दीत येतो, आणि अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत तिथे जावं लागतं. हे तुला माहीत असू दे. पहिल्याच पत्रात त्याची धमकी देऊ नकोस.

'मूळ कागद उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर घाबरू नकोस. १९७३ च्या जुलैत अमेरिकेत सेंट लुईसला त्यांच्या फौजी कागदांच्या इमारतीला आग लागली, दीड कोटीहून जास्त फाइली गेल्या, आणि ज्या जळल्या नाहीत त्या बंबांच्या पाण्यानं भिजून त्यांना बुरशी लागायला निघाली. आपल्यासारखंच की. तरी तिथले लोक अजून पगाराच्या नोंदींवरून, हजेरीच्या यादीवरून, हॉस्पिटलच्या कागदांवरून माणसाची नोकरी पुन्हा जुळवतात. फौजेत एक गोष्ट कधीच एका ठिकाणी लिहिलेली नसते. आपल्याकडे लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची नोंदवही, आहे, पेन्शनची फाइल आहे. म्हणून तर दिवाळी आणि मनीऑर्डर विचारायला सांगितलं.

एक माझं सांगतो. एका पलटणीत असताना मी पार्ट टू ऑर्डर टाइप करत होतो. रात्री उशीर, कंदिलाचा उजेड, खालची कार्बन प्रत पुसट. एका नंबरातला एक मी सात केला. त्या सातचा दुसरा माणूसही पलटणीत होता. एकाचा क्लास्प, म्हणजे मेडलाच्या रिबनवरची ती पट्टी, दुसऱ्याला गेला. दोघंही पेन्शनवर गेले तेव्हा कळलं, आणि ज्याचा गेला होता त्यानं तक्रार केली नव्हती. त्याला वाटलं होतं की साहेबांनीच दिला नसेल. मी स्वतः कागद लिहून ते दुरुस्त करून घेतलं, चौदा महिने लागले. तोवर तो नव्हता. क्लास्प त्याच्या बायकोच्या हातात पडला, आणि तिनं मला विचारलं, हे कुठं लावायचं?

म्हणून तुला विचारतो, आणि हे खरं तर पहिल्यांदा विचारायला हवं होतं: तू आजोबांना विचारलंयस का? तुझ्या पत्रात 'आम्हाला वाटतं', 'बाबांना वाटतं' असं आहे. त्यांचं काही नाही. गेली सेहेचाळीस वर्षं ते बुक त्यांच्याच पेटीत आहे, आणि त्यांना वाचता येतं. 'पश्चिमी' त्यांनी पाहिलं नसेल असं मला वाटत नाही. ते नको म्हणाले तर का म्हणाले ते ऐकून घे आणि थांब. हो म्हणाले तर रविवारी सकाळी त्यांना घेऊन ये, चष्मा आणि मूळ बुक दोन्ही बरोबर असू दे. चहा इथेच. माझा टाइपरायटर अजून चालतो, फक्त सातचा खिळा जरा अडकतो.

तुझा,
सुभेदार काका