हेन्लेला मित्राकडे जायचंय आणि व्हिसा नाकारला गेलाय: दुसरा अर्ज टाकण्याआधी

तुमच्या पोस्टमध्ये ब्रिटनच्या व्हिसाच्या नकारपत्रातलं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. 'अर्जाच्या नऊ दिवस आधी खात्यात जमा झालेल्या साडेचार लाखांचा उगम स्पष्ट होत नाही.' माझा पहिला अर्ज नेमक्या याच कारणाने फेटाळला गेला होता. तुम्ही दोघं नवराबायको, कॉलेजचा मित्र इंग्लंडमधल्या हेन्ले-ऑन-थेम्सला, त्याच्याकडे जुलैच्या सुरुवातीला बारा दिवस जायचं, आणि सल्लागार सांगतोय की तोच अर्ज प्रायॉरिटीने पुन्हा टाका. कृपा करून असं करू नका. जादा पैसे भरून उत्तर लवकर येतं, एवढंच. कागद तेच असतील तर नकारही तोच येणार.

फॉर्म, बोटांचे ठसे वगैरे तुमचं एकदा झालंय, त्यात शिरत नाही. मी वकील नाही. फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून इथले आकडे ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर एकदा ताडून घ्या.

आता मुद्दा ठेव मोडण्याचा. ते साडेचार लाख तुम्ही मुदत ठेव मोडून खात्यात घेतले होते. भेटीच्या व्हिसासाठी खात्यात अमुक इतकी शिल्लक हवी असा आकडा नियमांत कुठेही नाही. अधिकारी शिलकीपेक्षा जास्त बघतो ती पैसे कसे आले ते. पगार सत्तर हजार, महिनाअखेरीला पंधरा-वीस हजार उरतात, आणि अचानक एके दिवशी साडेचार लाख जमा. हे पैसे तुमचेच की कुणाकडून चार दिवसांसाठी घेतलेले, हे नुसत्या स्टेटमेंटवरून कळत नाही. तिथे खर्चाची ऐपत सिद्ध होत नाही. मग ओघाने 'भेटीचा हेतू खरा वाटत नाही' आणि 'मुदतीत परत जाल याची खात्री नाही' हेही येतं. नकारपत्रात तीन कलमं दिसत असली तरी मूळ दुखणं एकच आहे.

मुदत ठेव होती तशी ठेवून तिची पावती जोडली असती तर ती बचत म्हणूनच धरली गेली असती. मोडल्यामुळे तिचा इतिहास पुसला गेला. आता उपाय असा: बँकेकडून ठेव बंद केल्याचं पत्र घ्या. त्यात ठेवीचा क्रमांक, ती कधी ठेवली, कधी मोडली आणि व्याजासकट किती रक्कम कुठल्या खात्यात गेली हे हवं. तो आकडा स्टेटमेंटमधल्या नोंदीशी रुपयापर्यंत जुळला पाहिजे. टीडीएस कापला असेल तर तोही लिहून घ्या, नाहीतर तेवढ्याच फरकावरून नवा प्रश्न उभा राहतो. कव्हर लेटरमध्ये नकाराचा हाच मुद्दा सगळ्यात आधी घ्या, स्टेटमेंटचं पान आणि तारीख देऊन. शक्य असेल तर ती रक्कम दोन-तीन महिने खात्यात राहू द्या. पत्नीचा अर्ज स्वतंत्र असतो. तुमच्या अर्जातले कागद त्यांच्या अर्जात आपोआप दिसत नाहीत, दोन्हीकडे सगळं अपलोड करा.

'खात्यात मोठा आकडा दिसू द्या' हा सल्ला देणाऱ्या कार्यालयांचा मला मनापासून राग येतो. मला तो ज्यांनी दिला त्यांनी क्षयरोगाची तपासणीही करायला लावली, जी सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांनाच लागते. विमानाची पक्की तिकिटंही आधी काढायला लावली. व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटं काढू नका, असं तिथलं सरकार स्वतःच सांगतं. नकार आल्यावर मात्र त्यांच्याकडे एकही उत्तर नव्हतं. या व्हिसाच्या नकारावर साधं अपील नाही, नवी फी भरून नवाच अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२५पासून सहा महिन्यांच्या व्हिसाला माणशी १२७ पौंड होते. दोघांचे दोनदा भरले की किती होतात ते बघा. आधीचा नकार नव्या फॉर्ममध्ये लिहायचाच. तो लपवला तर फसवणुकीचा शिक्का बसून दहा वर्षं दार बंद होऊ शकतं, 'जुनं कोण बघतंय' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दुसरी गोष्ट मित्राच्या निमंत्रणपत्राची. 'सर्व खर्च मी करीन' हे वाक्य प्रेमापोटी लिहिलं जातं आणि गोत्यात आणतं. तसं लिहिलं की त्याच्या ऐपतीचीही तपासणी होते, आणि तुमच्या फॉर्ममध्ये 'खर्च स्वतः करणार' असेल तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. खर्च मित्राने करायला नियमाची आड नाही, पण मग त्याच्या पगाराच्या स्लिपा आणि स्टेटमेंट हवीत. सरळ वाटणी लिहा: राहणं-जेवण त्याच्याकडे, विमान आणि फिरणं तुमचं. पत्रात ओळख कधीपासूनची, घराचा पत्ता, तुमच्यासाठी खोली आहे का, येण्या-जाण्याच्या तारखा, त्याचा तिथला व्हिसा किंवा नागरिकत्व एवढं पुरे. सोबत त्याच्या पासपोर्टची प्रत आणि कौन्सिल टॅक्सचं (तिथल्या घरपट्टीचं) बिल किंवा भाडेकरार. एकत्र काढलेला जुना फोटो, कॉलेजच्या वर्षाचा पुरावा असेल तर जोडा. नातेवाईक नसलेल्या यजमानाच्या बाबतीत ओळखीचा पुरावा लोक हमखास विसरतात. तारखा चार ठिकाणी ताडा: फॉर्म, मित्राचं पत्र, कंपनीचं रजेचं पत्र, कव्हर लेटर. तुम्ही बारा दिवस लिहिलंय आणि रजा दहाच दिवसांची मंजूर आहे, हे तुमच्याच पोस्टमध्ये दिसतंय. ते आधी दुरुस्त करा.

गावाकडच्या शेतीचा सातबारा मराठीत आहे, तो तसाच टाकू नका. इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्यावर ते अचूक असल्याचं भाषांतरकाराचं विधान, तारीख, पूर्ण नाव, सही, संपर्क हवा. नुसता गोल शिक्का पुरत नाही.

आता तारखा. जुलैचा पहिला आठवडा सोडा, असं माझं ठाम मत आहे. हेन्लेची रॉयल रिगाटा, म्हणजे वल्हवायच्या नावांच्या शर्यती, १८३९पासूनची, जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला मंगळवार ते रविवार चालते. एरवी निवांत असलेलं गाव त्या सहा दिवसांत तुडुंब भरतं. तुम्ही दोन रात्री हॉटेलात म्हणताय, ते तेव्हा मिळालं तरी खिशाला झेपणार नाही. शर्यती बघायच्याच असतील तर नदीपलीकडच्या, बर्कशर परगण्याच्या बाजूच्या काठावरून फुकट दिसतात. स्ट्युअर्ड्स एन्क्लोजर ही प्रेक्षकांची राखीव जागा, ते सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांसाठीच असतं, तिथे पुरुषांना कोट-टाय सक्तीचा. सप्टेंबर जास्त चांगला. अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो, त्याहून आधी नाही, म्हणजे ठेवीचे कागद जमवायलाही वेळ मिळेल. गुरुवार मिळेल असं बघा, मार्केट प्लेसमध्ये आठवडी बाजार भरतो. १७८६च्या पाच कमानींच्या पुलावरून पलीकडे जाऊन नदीकाठाने टेंपल आयलंड या बेटासमोरून हॅम्बल्डन लॉकपर्यंत (नावांसाठीच्या जलदरवाजांपर्यंत) चाला. सगळी सपाट वाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. लॉकजवळ बंधाऱ्यावरच्या पायवाटेने नदी ओलांडता येते.

हीथ्रोहून टॅक्सी नको असेल तर एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने हेज अँड हार्लिंग्टन, तिथे बदलून ट्वायफर्ड, मग फाट्याची छोटी गाडी. वॉरग्रेव्ह, शिपलेक आणि बारा-एक मिनिटांत हेन्ले. बँकेचं कार्ड टॅप करून निघू नका. टॅपची हद्द सगळ्या छोट्या स्टेशनांपर्यंत नसते, आणि तिकिटाविना सापडलात तर १०० पौंड दंड अधिक भाडं. एकवीस दिवसांत भरला तर दंड निम्मा होतो. हीथ्रोलाच हेन्लेपर्यंतचं सलग तिकीट घ्या.

मित्रासाठी तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. बाकरवडी, मसाले, लाडू चालतात, पण लाडू तुपातले नकोत.