काय दिसलं ते विचार

प्रिय बाबू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘वेंडी अँड लूसी’, वेंडी आणि तिची कुत्री लूसी यांचा तो अमेरिकन सिनेमा, गावात दाखवलास हे चांगलं केलंस. त्यानंतर तुझी झोप उडाली, तेही समजू शकतो. पण ‘नेमका कोणाला कळला?’ हा जो प्रश्न तू पानभर घोळवला आहेस, तो मला मुळातच मान्य नाही.

तू लिहितोस, निवृत्त गुरुजी म्हणाले की यात काही घडतच नाही. कृषी केंद्राचे मालक म्हणाले, स्वतःच्या खाण्याचे वांधे तर कुत्रं पाळावं कायले? कॉलेजच्या पोरांना अमेरिकेतली गरिबी खरीच वाटली नाही. आणि कापूस वेचणीला जाणाऱ्या एका बाईंनी उठता उठता विचारलं, ‘तिच्यापाशी आता किती पैसे राह्यले असतीन?’ तू या सगळ्यांना गुण देत बसलास. बाईंना पैकीच्या पैकी, मालकांना भोपळा. हे आधी थांबव.

तू त्यांना विचारलं होतंस काय? ‘सिनेमा कसा वाटला?’ चार माणसांत हा प्रश्न आला की माणूस आपली इभ्रत सांभाळत बोलतो. गुरुजींना जाणकार दिसावं लागतं, दुकानदाराला व्यवहारी, पोरांना हुशार. सिनेमा बाजूलाच राहतो. काय दिसलं ते विचार. कसं वाटलं ते त्याच्या मागून येतं, आणि तेव्हा ते खरं असतं.

कृषी केंद्रवाल्यांचंच वाक्य घे. ते सिनेमातच आहे. वेंडी दुकानातून कुत्र्याचं खाणं उचलताना सापडते, तेव्हा तिला पकडणारा तरुण नोकर जवळपास हेच बोलतो आणि नियम सगळ्यांना सारखा म्हणून अडून बसतो. मालकांनी पडद्यावरचं एक माणूस बरोबर हेरलं होतं. तू मात्र त्यांना निर्दयी ठरवून मोकळा झालास. त्याऐवजी विचारायचं होतं: हे असंच सिनेमात कोण बोललं? तो दुकानाचा मालक होता की पगारी माणूस? तेव्हा कुत्रं कुठं बांधलेलं होतं? आपल्या मालकांना जून महिन्यात बियाण्याची उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे रोज ठरवावं लागतं. दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघायची त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त सवय आहे. त्यांच्याकडून तो प्रसंग काढून घ्यायचा सोडून तू भाषण दिलंस.

गुरुजींचंही तसंच. गाडी बंद पडते, वेंडीला पोलीस नेतात, परत येईपर्यंत लूसी नाहीशी होते, दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर जातो, गाडी सोडून द्यावी लागते आणि शेवटी कुत्री सापडूनही दुसऱ्याच्या अंगणात ठेवून निघावं लागतं. ८० मिनिटांत एवढं घडतं. गुरुजींना खटकतं ते वेगळं आहे. केली रायकार्डने २००८ च्या या सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ ठेवलेलंच नाही, एक गुणगुणणं तेवढं आहे. कुठे हळहळायचं ते कोणी सांगत नाही. वेंडीचं मागे घरी काय झालं तेही सांगत नाही. गुरुजींना ‘पहिल्यापासून काय काय झालं ते क्रमाने सांगा’ म्हण. ते अचूक सांगतील, आणि सांगता सांगता त्यांचं पहिलं वाक्य गळून पडेल.

त्या बाईंच्या प्रश्नाला तू शाबासकी दिलीस, ती का, हे तुला ठाऊक आहे का? वेंडी वहीत खर्च मांडते. सिनेमाचा धागा तोच आहे: हातातला पैसा दर प्रसंगाला थोडा थोडा कमी होतो. ज्या बाईंची मजुरी किलोवर ठरते, त्यांनी ही वजाबाकी मनात केली. त्यांनी दिसलेलं मोजलं. पण म्हणून त्यांना गावाच्या शहाणपणाचा पुतळा करू नकोस. गरीब माणसालाच गरिबीचा सिनेमा कळतो, हे लिहायला सोपं आणि चुकीचं आहे. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या दुसऱ्या बाई दहाव्या मिनिटाला झोपल्या असतील, तर त्याही बरोबरच आहेत.

यावर मला हटवादी म्हणणारे आहेत. हा माणूस सिनेमाआधी दोन शब्दही बोलू देत नाही, अशी तक्रार असते. नाही बोलू देत. ‘आज आपण गरिबीवरचा सिनेमा बघणार आहोत’ हे एक वाक्य पुरतं; मग लोक गरिबीच बघतात, वेंडीला बघत नाहीत. हे मला फार उशिरा उमगलं, आणि त्याआधीच्या प्रस्तावनांचं वाईट वाटतं. म्हणूनच तुझ्या त्या पंधरा मिनिटांच्या प्रास्ताविकाचा राग आला.

आता पुढच्या वेळचं नीट ऐक. पोळा ते दसरा हा काळ धर. वेचणी लागली की बायका येत नाहीत, आल्या तर थकलेल्या असतात. लग्नसराईत डीजे असतो. अंधार पडल्यावरच लाव. टिनाच्या शेडमध्ये आवाज घुमतो म्हणून डीजेचे बॉक्स मागवू नकोस, त्यांच्या दणक्यात बोलणं बुडतं. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर दोन लहान स्पीकर, मागच्या भिंतीला सतरंज्या टांगलेल्या, पंखे बंद. जनरेटर नकोच. या सिनेमात आगगाडीचा आवाज सुरुवातीपासून येत राहतो आणि शेवटी वेंडी मालगाडीत चढते. तो आवाज जनरेटरने खाल्ला की शेवट हवेत राहतो.

लाइट जाणारच आहे. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून साधारण ४०० वॅट लागतात. १५० एएचची धडधाकट बॅटरी असलेला घरचा इन्व्हर्टर सिनेमा सहज काढतो. प्रोजेक्टर पहिल्यापासून त्याच्यावरच लाव. दिव्याचा प्रोजेक्टर मध्येच बंद पडला तर निवेपर्यंत काही मिनिटं पुन्हा सुरू होत नाही, आणि तेवढ्यात माणसं चपला शोधायला लागतात.

मराठी उपशीर्षकं तू केलीस, पण जोडाक्षरं फुटली. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठव आणि अक्षरं व्हिडिओतच पक्की करून घे, म्हणजे प्लेअर बदलला तरी फुटणार नाहीत. दोनच ओळी, ओळीत ३५ च्या आत अक्षरं, किमान दोन सेकंद. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर, नाहीतर पुढच्या डोक्यांआड ओळ जाते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यामध्ये एक वाचणारी मुलगी बसव, हळू आवाजात. संवाद थोडे आहेत, जमतं. ती फक्त वाचेल, समजावणार नाही.

सिनेमा संपल्यावर ट्यूबलाइट फटकन लावू नकोस. एक लहान दिवा, चहा, दहा मिनिटं. मग तीसेक माणसं गोल बसव आणि पहिला प्रश्न बायकांना. काय दिसलं ते विचार. कुत्र्यांच्या कोंडवाड्यात कॅमेरा पिंजऱ्यांसमोरून सरकत जातो, तिथे काय काय दिसलं? वेंडीला मदत करणारा पहारेकरी शेवटी तिला पैसे देतो तेव्हा कसे देतो? राहण्याचा पत्ता नसेल तर पत्ताही मिळत नाही, असं तो कधी बोलला? (याला रहिवासी दाखल्यासाठी फिरलेला कोणीतरी नक्की उत्तर देईल.) विचारून गप्प बस. मनात चाळीसपर्यंत मोज. ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचं आहे का’ हे शब्द तोंडातून काढू नकोस. जे येईल ते त्यांच्याच बोलीत वहीत उतरव, ‘राह्यले’चं ‘राहिले’ करू नकोस.

पोरांनी ‘सिनेमावाले गरिबी विकतात’ म्हटलं त्याने तू घाबरलास. आरोप जुना आहे. १९८० मध्ये राज्यसभेच्या सदस्य असताना नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय यांच्यावर, भारताची गरिबी परदेशात दाखवतात म्हणून टीका केली होती. पोरांशी वाद घालू नकोस. कोणत्या दृश्यात विकली ते दाखवा म्हण, आणि ती तीन मिनिटं पुन्हा लाव.

दसऱ्याच्या आत ‘गाभ्रीचा पाऊस’ घे, सतीश मनवरचा, २००९ चा, रीतसर परवानगी काढून. नवरा जिवाचं बरंवाईट करेल या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते, तो. आपल्याकडचा असल्यामुळे लोक आधी चुका काढतील, बोली, वखर, कपाशीची उंची. काढू दे. ते बघणंच आहे. मात्र आत्महत्या झालेल्या घरच्यांना आधी भेटून, विषय सांगून, मगच बोलाव. प्रस्तावना नको म्हणतो त्याला हा एकच अपवाद.

आणि एक. तुझ्या पत्रात गुरुजी आहेत, मालक आहेत, पोरं आहेत, त्या बाई आहेत. तुला काय दिसलं ते कुठेच नाही. वहीच्या पानांसोबत तेही लिहून पाठव.

तुझा,
काका